दाब, धर, सोड

माझं काम दातांच्या डॉक्टरकडे. खुर्चीशेजारी उभं राहायचं, थुंकी ओढणारी नळी हातात धरायची आणि माणसांना सांगायचं, "आ करा, अजून मोठा, बंद नका करू." दिवसभर लोकांची तोंडं उघडून घरी यावं, तर घरातली दोन तोंडं शिवल्यासारखी बंद. एक नवऱ्याचं, एक मुलीचं. दोघांनी एकमेकांशी अबोला धरलेला, आणि मधे मी बिनपगारी पोस्टमन.

नवरा मोटरसायकलींचा मेकॅनिक. रस्त्याकडे शटर, शटरच्या आत गॅरेज, गॅरेजच्या मागच्या भिंतीत एक दार, आणि त्या दारातून पाऊल टाकलं की आमचं स्वयंपाकघर. मी चहा उकळायला ठेवते तेव्हा वास पेट्रोलचा येतो. मुलगी याच गॅरेजमध्ये लहानाची मोठी झाली. रांगत होती तेव्हा बेअरिंगमधला छर्रा गिळला होता. तो सुखरूप बाहेर आला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बाप तिला छर्रा म्हणतो आणि ती ओ देते. शिक्षण झाल्यावरही ती बापाबरोबरच काम करत राहिली. एकाच गाडीच्या दोन बाजूंना दोघं बसायचे आणि टकळी अखंड चालू. कार्बोरेटरपासून शेजाऱ्याच्या मिशीपर्यंत कुठलाही विषय त्यांना चालायचा. मी आतून ओरडायचे, "अरे, जरा तोंडाला विश्रांती द्या!" आता विश्रांती दिली होती, तर घर खायला उठत होतं.

झालं असं, की छर्राला डोंगरापलीकडच्या गावात नोकरी लागली. तिथे रोपवे आहे, त्याच्या देखभालीचं काम. तारा तपासायच्या, पाळण्यांचे ब्रेक तपासायचे. चांगली नोकरी, राहायला खोली. बापाने सगळ्या गल्लीत सांगितलं, "आमच्या पोरीला तारेवर चढवतायत." खूश होता. पुढे पोरीने सांगितलं की सामान पार्सलने जाईल आणि मी माझ्या गाडीवरून जाईन, तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

"त्या गाडीवर जायचं नाही," तो म्हणाला.

"का?"

"ब्रेकच्या नळ्या रबराच्या आहेत. जुन्या झाल्यात. लांबच्या उतारावर ब्रेक तापला की नळी फुगते, लिव्हर मऊ पडतो. मग दाबत बस."

"मग काय तुमच्या खांद्यावर बसून जाऊ?"

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"मग नका बोलू!"

माणसं असं म्हणतात. भांडण झालं की सगळेच म्हणतात. पण या दोघांनी ते ऑर्डर घेतल्यासारखं घेतलं आणि त्या मिनिटापासून अंमलात आणलं. पोरगी तंतोतंत बापावर गेलीय, हे मला लोक कौतुकाने सांगतात. त्यांना काय जातं सांगायला!

मग माझे हाल सुरू झाले. जेवायला तिघं एकाच टेबलाशी. मीठ बापासमोर, आणि पोरगी मला म्हणणार, "आई, मीठ मिळेल का?" मी नवऱ्याला म्हणणार, "अहो, मीठ द्या." तो मीठ माझ्या हातात ठेवणार, मी तिच्या. हात लांबवला असता तर तिला स्वतःलाच घेता आलं असतं. मी एकदा भांडं मधेच धरून ठेवलं आणि म्हटलं, "दोघांनी मिळून ओढा." पोरीने ते जेवण अळणीच खाल्लं.

मला नोकरीचं काही वाटत नव्हतं. म्हणजे मी तसं सगळ्यांना सांगत होते. जाऊ दे, शिकली आहे, स्वतःच्या पायावर उभी राहील, छान झालं. मला भीती वेगळीच होती. ही रविवारी सकाळी गाडीला किक मारेल, बाप शटरमध्ये पाठमोरा उभा राहून पाने पुसत बसेल, आणि एक शब्द न बोलता ही डोंगर चढायला लागेल. तिकडे ही घुसमटेल, इकडे हा. आणि मग फोनवरसुद्धा मीच मधे. त्या विचाराने मला रात्रीची झोप लागेना.

एक दिवस कुरिअरने पाकीट आलं. आत ब्रेकच्या नव्या नळ्या होत्या, पण रबराच्या नाहीत. बाहेरून स्टीलच्या बारीक तारांची विणलेली जाळी, वेणी घातल्यासारखी, वरून पारदर्शक आवरण. या नळ्या फुगत नाहीत म्हणे. आतल्या ऑईलवर कितीही जोर आला तरी जाळी नळीला पसरू देत नाही, त्यामुळे लिव्हर दाबला की सगळा जोर थेट चाकापाशी. हे मला पोरीने मुद्दाम मोठ्याने समजावलं. बाप तिथेच स्टुलावर बसून एका स्कूटरचा प्लग साफ करत होता. ऐकायला त्याच्यासाठी होतं, बघत माझ्याकडे होती.

तो प्लग नंतर इतका चकचकीत झाला की गिऱ्हाइकाला वाटलं नवा टाकलाय.

रात्री जेवताना नवरा पाण्याच्या तांब्याकडे बघत म्हणाला, "त्या नळ्यांना तांब्याचे वायसर नवे लागतात. बोल्टच्या दोन्ही अंगांना. जुने लावले तर गळतं. कुणाला सांगायचं असेल तर सांग."

मी म्हटलं, "कुणाला?"

"कुणालाही."

मी वळून पोरीला म्हटलं, "कुणाला तरी निरोप आहे, वायसर नवे लाव."

"कुणी तरी आणलेत म्हणून सांग," ती म्हणाली.

सकाळी बघते तर तिच्या पाकिटावर वायसरांची आणखी एक पुडी ठेवलेली. गॅरेजमधलीच. तिने ती पुडी बघितली, उचलली, आणि आपले आणलेले बाजूला ठेवून त्यातलेच वापरले. तिने बघितलं हे मी बघितलं. पण बोलायचं म्हणून कुणी नाव घेईना. माझं डोकं असं फिरलं की दोघांना एकेक ठेवून द्यावीशी वाटली.

शनिवारी दुपारी पोरीने गाडी खोलायला घेतली. पुढची जुनी नळी काढली. नवी नळी हँडलपासून खाली चाकापर्यंत सोडली, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे ताणत नाही ना ते बघितलं, बोल्ट आवळले, वरच्या डबीत नवं ऑईल भरलं. मागचीही तशीच केली. सगळं एकटीने. पण आता घोडं अडलं. नळी रिकामी असते, तिच्यात हवा असते. ती हवा काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही, आणि हवा काढायला दोन माणसं लागतात. पुढच्या ब्रेकला एक वर लिव्हरवर, एक खाली चाकापाशी. खालचा सांगतो, "दाब." वरचा दाबतो. "धर." वरचा दाबून धरतो, खालचा हवा सोडायचं छोटं निपल पान्याने उघडतो, ऑईलबरोबर बुडबुडे बाहेर येतात, आणि तो निपल बंद करतो. मगच "सोड." बंद करण्याआधी वरच्याने सोडलं, की जेवढी गेली त्याहून जास्त हवा आत. पुन्हा पहिल्यापासून.

हे मला माहीत आहे, कारण लग्न झाल्यावर माझ्या नवऱ्याने मला फिरायला नेण्याआधी लिव्हरवर बसवलं होतं. या घरातलं वरचं माणूस मीच.

म्हणून पोरगी आधी माझ्याकडे आली. मी मनगट पुढे केलं. त्यावर क्लिनिकमधून आणलेला क्रेप बँडेजचा पट्टा गुंडाळला होता.

"काय झालं?"

"दात काढताना पेशंटने पिरगाळलं."

ती गेली. थोड्या वेळाने नवरा आला. "अगं, जरा लिव्हर दाबतेस का? म्हणजे तिचं काम अडलंय असं दिसतंय. मला काय, मी आपलं सांगितलं."

"मनगट," मी म्हटलं.

"बाप रे! सुजलंय?"

"आतून."

मनगटाला काहीही झालेलं नव्हतं. अंगठ्यापासून कोपरापर्यंत मी ठणठणीत होते. पण एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदाच असं काही सुचलं होतं, आणि मी ते सोडणार नव्हते.

शेवटी नाइलाजाने दोघं गाडीच्या दोन टोकांना गेले. ती वर, तो खाली, चाकापाशी उकिडवा. त्याने निपलला पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. मी दारात उभी. म्हटलं, आता बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. आता कसे बोलत नाहीत बघतेच.

नाही बोलले! नवरा मला म्हणाला, "तिला सांग, पाना एकदा वाजवला की दाब, दोनदा वाजवला की धर, तीनदा वाजवला की सोड."

मी कपाळावर हात मारला. पोरगी मान डोलवून तयार. तिला ही कल्पना पसंत पडली होती, बघा.

टण. तिने दाबलं. टण टण. तिने धरलं. त्याने निपल उघडलं, बुडबुडे सुटले. आणि तेवढ्यात शेजारच्या पत्र्याच्या दुकानात शेजाऱ्याने हातोडा उचलला. टण टण टण. पोरीने लिव्हर सोडला. निपल उघडंच. बाटलीतलं ऑईल नळीतून वर सरकताना मी दारातून बघितलं, आणि त्यामागोमाग हवाही आत गेली असणार.

नवऱ्याने मान वर केली. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "मी वाजवलं नव्हतं म्हणून सांग."

"मग कुणी वाजवलं विचार," पोरगी म्हणाली.

शेजाऱ्याने आणखी तीनदा वाजवलं.

मग ठरलं की मी सांगायचं. तो हळूच म्हणणार, मी तिला मोठ्याने सांगणार. तो म्हणाला, "दाबायला सांग." मी म्हटलं, "दाब म्हणतायत." तो म्हणाला, "धर म्हणावं." मी म्हटलं, "धर म्हणावं म्हणतायत." पोरगी म्हणाली, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "धर!" तोवर त्याने निपल उघडून बंदही केलं होतं. पुढच्या फेरीला तो म्हणाला, "अजून सोडू नको म्हणावं," आणि मी "अजून" म्हणते न म्हणते तोच तिच्या कानावर त्याच्या वाक्यातलं नुसतंच "सोड" पडलं आणि तिने सोडलं. पुन्हा हवा आत.

तेव्हा माझा संयम संपला. "तुमच्या दोघांच्या डोक्यात जेवढी हवा आहे ना, ती काढायला कुठला पाना मिळतो ते आधी शोधा!" मी म्हटलं. "माझं दूध उतू चाललंय." आणि आत गेले. गॅसवर दूध नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि कान दाराकडे लावले.

पान्याचा आवाजसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं, आता दोघं उठून जातील, उद्या ही पार्सलबरोबरच बसून जाईल.

आणि मग नवऱ्याचा आवाज आला. घसा बसल्यासारखा.

"दाब."

लिव्हरची किर्र.

"धर. धरून ठेव. अजून. हां. सोड."

"सोडला," पोरगी म्हणाली.

मी ओट्यावरचं फडकं उगाच घडी करून ठेवलं. पुन्हा उलगडलं.

"दाब. धर. सोड." "सोडला." "डबीत ऑईल बघ." "आहे." "सांडू देऊ नको, टाकीचा रंग उडतो." "माहितीय बाबा." "माहीत असू दे, तरी सांगतो." "सांगा." मी दाराच्या फटीतून बघितलं. नळीतून बुडबुडे येत होते, आधी मोठे, मग मोहरीएवढे, मग एखादाच. मधेमधे एखादं वाक्य जास्तीचं पडायला लागलं. तिकडे थंडी असते, रोज सकाळी पहिला ब्रेक हळू दाब. पावसात दगडी पुलावर मागचा वापरू नको. तिथला तुझा साहेब कसा आहे? अजून भेटले नाही बाबा. भेटलीस की सांग. सांगेन. दाब. धर. सोड.

बुडबुडे संपले. नळीत नुसतं पिवळसर स्वच्छ ऑईल, काचेसारखं. मी इतकी वर्षं वर बसलेय, मला कळतं. लिव्हर दगडासारखा झाला असणार, तो हाताला लागतोच.

"अजून थोडी हवा आहे," नवरा म्हणाला.

"हो, वाटतेय," पोरगी म्हणाली.

"दाब."

तिने दाबलं. धरलं. सोडलं. पुन्हा दाबलं. दोघंही धडधडीत खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं. नवीकोरी ऑईलची बाटली थेंबाथेंबाने जुन्या बाटलीत रिकामी होत होती. एरवी मी ओरडले असते. मी आत वळले आणि मनगटाचा पट्टा सोडून खुंटीला अडकवला. आता त्याची गरज नव्हती.

मागचा ब्रेकही झाला. पायाने दाबायचा, तरी शब्द तेच. संध्याकाळ व्हायच्या आत गाडी शटरबाहेर निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, वेग घ्यायचा आणि दारासमोर ब्रेक मारायचा, अशी आमच्याकडची चाचणी. मी भांडी घासायला घेतली. मन हलकं झालं होतं. चला, म्हटलं, उद्या दोघं नीट निरोप घेतील. माझं काम झालं. नळ सोडला होता, त्यामुळे बाहेरचं धड ऐकू येत नव्हतं. गाडीचा आवाज आला, गेला, आला, बंद झाला. मग नवरा काहीतरी विचारत होता.

"थांबते का?"

"थांबते," पोरगी म्हणाली.

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. माझा नवरा शब्दांची शेपटं गिळतो. ‘जेवते का’ म्हणतो, ‘येते का’ म्हणतो, ‘जेवतेस’, ‘येतेस’ असं पूर्ण त्याच्या तोंडून कधी येत नाही.

"नक्की थांबते?" त्याने पुन्हा विचारलं. आवाज खाली आला होता.

"हो बाबा. थांबते."

मी नळ बंद केला नाही, हात पुसले नाहीत. गॅरेजमधून कशी गेले मला आठवत नाही, वाटेत स्टुलाला गुडघा आपटला. रस्त्यावर गेले. ती गाडीवर बसलेली, तो हँडलला हात लावून उभा.

"थांबतेस?" मी म्हटलं. "खरंच थांबतेस? मग त्या रोपवेवाल्यांना काय कळवायचं? कळवू आपण काहीतरी. मी बोलते त्यांच्याशी. तू काळजी करू नको. खोली नको म्हणूनही सांगू..."

साबणाचं पाणी माझ्या कोपरावरून टपटप खाली गळत होतं.

"आई," पोरगी हळूच म्हणाली, "गाडी. ब्रेक दाबला की गाडी थांबते का, असं बाबा विचारत होते."

"हो मग," मी म्हटलं. "मी पण गाडीचंच विचारतेय. थांबते ना? थांबायलाच पाहिजे. एवढं ऑईल घालवलंत." आणि मागे वळले.

नळ वाहतच होता. मी भांडं पुन्हा हातात घेतलं आणि ते आधीच घासून झालेलं होतं. घासत राहिले. मला कुणी विचारलंच नव्हतं. बापाला तिचं जाणं नको होतं म्हणून तो नळ्यांवर रागावला, तिला जायचं होतं म्हणून तिने नळ्या बदलल्या, आणि मी दोघांचे निरोप पोचवत राहिले. माझा स्वतःचा निरोप कुणाच्या हाती द्यायचा होता, ते मला माहीत नव्हतं. जा, असं मी मनापासून म्हटलं होतं. जाऊ नको, हेही मनापासूनच होतं. मी रडायला लागले, आणि नळाचा आवाज आहे म्हणून मोठ्याने रडले.

मागून नवरा आला. माझ्या शेजारी सिंकपाशी उभा राहिला, बाही वर केली आणि माझ्या हाताखालून आपले काळे हात नळाखाली धरले. एरवी मी त्याला तिथे उभं करत नाही, ऑईल भांड्यांना लागतं. तो साबण फिरवत राहिला.

"मलाही तसंच ऐकू आलं," तो म्हणाला. "म्हणून तर दोनदा विचारलं."